गणितज्ञाला पुन्हा विद्यार्थी करणारे अनुदान

१९५५ च्या अखेरीस केपटाउनमधल्या ग्रूट शूर रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने नोकरी सोडली. किरणोत्सारी समस्थानिकांचा वापर पात्र भौतिकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीच झाला पाहिजे, असा दक्षिण आफ्रिकेचा कायदा होता, आणि अणुभौतिकी जाणणारे ॲलन कॉर्मॅक त्याच शहरातल्या विद्यापीठात शिकवत होते. पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात ते आठवड्यातून दीड दिवस रुग्णालयात जाऊन बसू लागले. किरणोपचार विभागातले काम पाहता पाहता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: रुग्णाला किरणांची मात्रा किती द्यायची याचे आराखडे आखताना हाड, स्नायू, फुप्फुस हे सगळे जणू एकाच पदार्थाचे बनले आहेत असे धरले जात होते. शरीराच्या आत कोणत्या जागी किरण किती शोषले जातात हे बाहेरून घेतलेल्या मोजमापांवरून काढता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला. या प्रश्नाचे शुद्ध गणिती रूप ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच सोडवून ठेवले होते. कॉर्मॅक यांना ते पुष्कळ वर्षांनी कळले. उत्तर चाळीस वर्षे गणिताच्या कपाटात पडून होते आणि प्रश्न रुग्णालयात ताटकळत होता.

कॉर्मॅक यांनी १९५७ मध्ये ॲल्युमिनियमचा एक दंडगोल घेतला, त्याभोवती लाकडाचे कडे बसवले आणि त्यातून गॅमा किरण सोडून मोजमापे घेतली. आकडेमोड जुळली, पण केंद्राजवळचे तीन बिंदू बाकीच्या बिंदूंच्या रेषेत बसेनात. कार्यशाळेत चौकशी केल्यावर समजले की त्या दंडगोलाच्या मध्यभागी थोडे कमी शोषण करणारी एक खुंटी बसवलेली होती. वस्तू न फोडता तिच्या पोटात काय आहे हे आकड्यांनी सांगितले होते. हे काम १९६३ आणि १९६४ मध्ये दोन निबंधांतून प्रसिद्ध झाले आणि त्याला जवळजवळ काहीच प्रतिसाद आला नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्या मोजक्या पत्रांपैकी एक स्वित्झर्लंडमधल्या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून आले होते. पुढे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे सीटी स्कॅनर तयार केला, १९७२ मध्ये तो जगापुढे आला, आणि १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

या हकिगतीत एका अनुदानाचे सगळे तर्कशास्त्र दडलेले आहे. गणिती माणसाला वैद्यकातला खरा प्रश्न सापडायचा असेल तर त्याला त्या जागी जाऊन बसावे लागते, आणि त्याने काढलेले उत्तर रुग्णापर्यंत पोहोचायचे असेल तर त्या क्षेत्रात त्याचे म्हणणे ऐकणारे, त्याला वाट दाखवणारे कुणीतरी असावे लागते. कॉर्मॅक यांना पहिली गोष्ट योगायोगाने, दीड दिवसापुरती मिळाली. दुसरी मिळालीच नाही. योगायोगावर विसंबून न राहता या दोन्ही गोष्टींची सोय करण्याचा प्रयत्न म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे, म्हणजे एनआयएचचे, के-२५ हे अनुदान.

के-२५ म्हणजे नेमके काय

मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा येथे मुख्यालय असलेली एनआयएच ही सत्तावीस इन्स्टिट्यूट्स आणि केंद्रे मिळून बनलेली, अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी संशोधनसंस्था आहे. तिच्या अनुदानांना अक्षर आणि आकडा मिळून सांकेतिक नावे असतात. ‘आर’ने सुरू होणारी अनुदाने संशोधन-प्रकल्पासाठी असतात, ‘एफ’ने सुरू होणारी शिष्यवृत्तीची, ‘टी’ने सुरू होणारी संस्थांनी चालवलेल्या प्रशिक्षणाची, आणि ‘के’ने सुरू होणारी संशोधकाची कारकीर्द घडवण्यासाठीची. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण के-२५ च्या अर्जात होणाऱ्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. आर-०१ मध्ये सरकार एका प्रश्नाच्या उत्तरासाठी पैसे देते. के-२५ मध्ये ते एक माणूस बदलण्यासाठी पैसे देते. संशोधन त्यातही असतेच, पण ते त्या बदलाचे साधन म्हणून असते.

१९९९ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेचा हेतू तिच्या घोषणेत स्पष्ट मांडलेला आहे. संख्याशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, प्रतिमाविज्ञान किंवा अभियांत्रिकी अशा विषयांत ज्यांचे काम झाले आहे, पण ते काम आजवर मुख्यतः आरोग्य आणि रोग यांच्या प्रश्नांवर झालेले नाही, अशा संशोधकांना वैद्यकीय संशोधनाकडे आणणे हा तो हेतू. म्हणजे इथे बाहेरचा असणे हीच पात्रतेची अट आहे. ज्या संख्याशास्त्रज्ञाने दहा वर्षे कर्करोगाच्या चाचण्यांचेच विश्लेषण केले त्याच्यासाठी हे अनुदान नाही; ज्याने दहा वर्षे हवामानाच्या प्रारूपांवर काम केले आणि आता साथीच्या रोगांकडे वळायचे ठरवले त्याच्यासाठी ते आहे.

आणखी एक चांगली गोष्ट अशी की वयाची किंवा पदाची चौकट इथे सैल आहे. पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर मार्गदर्शनाखाली संशोधन करणारा, इथपासून ज्येष्ठ प्राध्यापकापर्यंत कोणीही अर्ज करू शकतो. कारकिर्दीच्या मध्यावर क्षेत्र बदलू पाहणाऱ्यांसाठी असे दार फार कमी ठिकाणी उघडे असते. मात्र ज्यांनी एनआयएचच्या आर-०१ सारख्या मोठ्या प्रकल्पाचे मुख्य संशोधक म्हणून काम केले आहे किंवा करत आहेत, त्यांना अर्ज करता येत नाही. आर-०३ किंवा आर-२१ यांसारखी छोटी अनुदाने मिळालेली असतील तर ती आड येत नाहीत. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो किंवा अनुदान सुरू होईपर्यंत त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, असावे लागते, आणि अर्ज अमेरिकेतल्याच संस्थेमार्फत करावा लागतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या कितीतरी हुशार पोस्टडॉकना ही अट अर्ध्या वाटेवर कळते, आणि तोवर त्यांचे कित्येक महिने अर्ज लिहिण्यात गेलेले असतात. ती सर्वांत आधी तपासावी.

इतका खटाटोप कशासाठी

गणित येणाऱ्याने डॉक्टरांकडून विदा, म्हणजे डेटा, घ्यावी, आपले तंत्र लावावे आणि निष्कर्ष द्यावा. त्यासाठी तीन-चार वर्षे पुन्हा शिकायची काय गरज, असे विचारले जाते. याचे उत्तर एका गाजलेल्या उदाहरणात आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांची विदा घेऊन कोणत्या रुग्णाला धोका जास्त आहे हे संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न झाला. संगणकाने शिकलेल्या नियमांपैकी एक असा निघाला की दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी असतो. आकडे खोटे नव्हते. दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला तातडीने अतिदक्षता विभागात हलवत, त्याच्यावर जास्त लक्ष देत, आणि म्हणून असे रुग्ण जास्त वाचत. विदेत दिसत होता तो उपचाराचा परिणाम, आणि संगणकाने तो रोगाचा गुणधर्म मानला. त्या नियमाप्रमाणे दम्याच्या रुग्णांना घरी पाठवले असते तर काय झाले असते ते सांगायला नको.

इथे चूक गणिताची नव्हती. रुग्ण दारात आल्यापासून त्याचे काय काय होते, कोणता आकडा कोण, कधी आणि कशासाठी नोंदवतो, हे ज्याला माहीत आहे त्याला ती विसंगती पहिल्या नजरेत दिसते; इतरांना ती दिसेलच असे नाही. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात अर्धेच असते. उरलेले अर्धे वॉर्डात, प्रयोगशाळेत आणि सकाळच्या राउंडमध्ये असते.

आणि दोन्ही ज्ञाने एकत्र आली की काय होते, याचेही उदाहरण द्यायला हवे. एचआयव्हीची लागण झाल्यावर एड्सची लक्षणे दिसेपर्यंत बऱ्याचदा दहाएक वर्षे जातात. या काळात विषाणू जवळपास निपचित असावा, असा समज होता. १९९६ मध्ये लॉस ॲलामॉस येथील, गणिती प्रारूपे करणारे ॲलन पेरेलसन आणि न्यू यॉर्कमधील, एड्सवर काम करणारे डॉक्टर डेव्हिड हो यांच्या गटांनी पाच रुग्णांना रिटोनावीर हे औषध दिल्यानंतर रक्तातले विषाणू किती वेगाने घटतात हे तासा-दिवसांच्या अंतराने मोजले आणि त्या घसरणीला साध्या अवकल समीकरणांचे प्रारूप लावले. उत्तर आले ते असे, की रक्तातल्या मुक्त विषाणूंपैकी निम्मे साधारण सहा तासांत नाहीसे होतात आणि शरीरात रोज सुमारे १,००० कोटी विषाणू नव्याने तयार होतात. म्हणजे ती दहा वर्षे शांततेची नसून अखंड लढाईची होती, आणि इतक्या वेगाने संख्या वाढवणारा विषाणू एकट्या औषधाला दाद न देण्याइतका बदलणार हे उघड होते. एकाच वेळी अनेक औषधे देण्याच्या पद्धतीला यातून भक्कम आधार मिळाला. समीकरणे महाविद्यालयात शिकवतात तशीच होती. नेमके कुठे आणि केव्हा मोजायचे हे ठरवणे, हे दोन शास्त्रांच्या एकत्र बसण्याचे फळ होते.

पंच्याहत्तर टक्के वेळ

के-२५ च्या सगळ्या अटींमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळेची. अनुदान तीन ते पाच वर्षांचे असते, आणि त्या काळात संशोधकाने आपल्या पूर्णवेळ कामापैकी किमान ७५ टक्के वेळ, म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकी नऊ, संशोधन आणि प्रशिक्षण यांनाच द्यावा लागतो. संस्थेने तशी लेखी हमी द्यावी लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा की विभागप्रमुखाला या माणसावर तीन वर्ग, दोन समित्या आणि प्रवेशप्रक्रियेची जबाबदारी टाकता येत नाही. शिकवणे आणि बाकीची कामे उरलेल्या २५ टक्क्यांत बसवावी लागतात.

नव्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या प्राध्यापकाची अडचण सहसा बुद्धीची किंवा इच्छेची नसते. आठवड्यातून एक दुपार काढून शरीरक्रियाशास्त्र शिकू म्हणून तो सुरुवात करतो, परीक्षांचा हंगाम येतो, ती दुपार जाते, आणि दोन वर्षांनी तो जिथे होता तिथेच असतो. अनुदानाचा पैसा मुख्यतः त्याच्या पगाराचा भाग उचलतो तो यासाठीच. विद्यापीठ ज्या वेळेचा पगार स्वतः देत नाही त्या वेळेवर ते हक्क सांगू शकत नाही. के-२५ वेळ विकत घेते, आणि बाकीचे सारे त्या वेळेच्या आधाराने उभे राहते.

पगाराला किती रक्कम द्यायची आणि संशोधन व प्रशिक्षणाच्या खर्चासाठी किती, हे एनआयएचमधली प्रत्येक इन्स्टिट्यूट स्वतः ठरवते, आणि त्यांच्या मर्यादांमध्ये बराच फरक असतो. पगाराची मर्यादा प्रत्यक्ष पगारापेक्षा कमी पडली तर संस्थेला इतर, म्हणजे बिगर-सरकारी, पैशातून भर घालता येते. खर्चाच्या रकमेतून अभ्यासक्रमांचे शुल्क, प्रयोगाचे साहित्य, उपकरणे, तांत्रिक सहायक, परिषदांचा प्रवास, संगणकीय वेळ यांची सोय करता येते. मार्गदर्शकाचा पगार मात्र यातून देता येत नाही. संस्थेच्या अप्रत्यक्ष खर्चासाठी, म्हणजे इमारत, वीज, प्रशासन अशा खर्चासाठी, केवळ ८ टक्के मिळतात, जे आर-०१ वर मिळणाऱ्या दरांच्या मानाने फारच थोडे आहे. त्यामुळे काही संस्थांना अशा अनुदानात आर्थिक रस कमी असतो, हे अर्जदाराने ओळखून असावे आणि संस्थेकडून ठोस शब्द घ्यावा.

मार्गदर्शक कसा असावा

अर्जात मुख्य मार्गदर्शक एक असतो, सहमार्गदर्शक आणि सल्लागार आणखी असू शकतात. मुख्य मार्गदर्शक त्या वैद्यकीय क्षेत्रात सध्या काम करणारा, स्वतःच्या संशोधनासाठी निधी असलेला आणि आधी काही तरुण संशोधकांना स्वतंत्र करून पाठवलेला असावा, अशी अपेक्षा असते. आपल्या पत्रात त्याला लिहावे लागते की तो उमेदवाराला काय शिकवणार आहे, किती वेळा भेटणार आहे, प्रगती कशी तपासणार आहे आणि या कामातला कोणता भाग उमेदवार पुढे स्वतःचा म्हणून घेऊन जाणार आहे. शेवटचा मुद्दा नाजूक असतो. मार्गदर्शक आणि उमेदवार यांच्यात विषयाची हद्द आधीच ठरली नसेल, तर पाच वर्षांनी दोघेही त्याच प्रश्नावर स्वतंत्र अनुदानासाठी अर्ज करताना दिसतात.

मोठ्या नावामागे धावू नये, असे मी आवर्जून सांगेन. ज्याच्या प्रयोगशाळेत चाळीस माणसे आहेत आणि जो महिन्यातले वीस दिवस प्रवासात असतो, त्याच्या पत्राने अर्ज वजनदार दिसतो, पण बाहेरून आलेल्या माणसाला लागणारा रोजचा आधार तो देऊ शकत नाही. गणिती माणसाला अगदी प्राथमिक प्रश्न विचारायचे असतात, आणि ते न लाजता विचारता येतील असा माणूस त्याला जवळ हवा असतो. अशा वेळी ज्येष्ठ मुख्य मार्गदर्शकाबरोबर रोज वॉर्डात असणारा एखादा सहमार्गदर्शक घेणे शहाणपणाचे ठरते.

एक उमेदवार डोळ्यांपुढे आणू

समजा, एक विद्युत अभियंता आहे. रडारच्या संदेशांतून गोंगाट बाजूला करून खरा प्रतिध्वनी वेगळा काढण्यात तिची आठ वर्षे गेली आहेत. तिला वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या श्वासात पडणाऱ्या खंडांवर काम करायचे आहे. नवजात अतिदक्षता विभागात प्रत्येक बाळाच्या अंगावरच्या संवेदकांकडून हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन यांचे संदेश दिवसरात्र येत असतात. धोक्याच्या घंटा इतक्या वाजतात की परिचारिकांचे कान त्यांना सरावतात, आणि त्यातली खरी घंटा चुकण्याची भीती असते. तिच्या तंत्राचा इथे उपयोग होईल हे उघड आहे.

तिचा पहिला मसुदा सहसा असा असतो: बारा पानांतली नऊ पाने अल्गोरिदमची, दोन पाने तिच्या जुन्या कामाची, आणि एका पानात ‘नवजात शिशुशास्त्राचा एक अभ्यासक्रम करीन’ असे वाक्य. परीक्षकांच्या दृष्टीने हा आर-२१ चा अर्ज झाला. तो वाचून त्यांना पहिला प्रश्न पडतो, की हिला हे करण्यासाठी पाच वर्षांचे प्रशिक्षण कशाला हवे? अल्गोरिदम तर तिला आजच येतो.

आता ती चार दिवस त्या विभागात जाऊन बसते. तिला दिसते की एका बाळाची ऑक्सिजनची घंटा वाजली ती परिचारिकेने त्याला दूध पाजायला उचलले तेव्हा, कारण पायाला लावलेला संवेदक सरकला. दुसऱ्या बाळाचा श्वास खरोखर थांबला होता, पण परिचारिकेने पाठीवर हलकेच थोपटल्यावर तो सुरू झाला, आणि त्या थोपटण्याची नोंद कुठेच झाली नाही. तिसऱ्याला कॅफिन दिलेले होते, जे अशा बाळांचा श्वास चालू राहावा म्हणून देतात, आणि मात्रा दिल्यानंतरच्या काही तासांत त्याचा सगळा आलेखच वेगळा होता. तिच्या लक्षात येते की ज्याला ती गोंगाट म्हणत होती त्यातला निम्मा भाग म्हणजे परिचर्या आहे. रडारच्या जगात गोंगाट निसर्गाकडून येतो. इथे तो बाळाची काळजी घेणाऱ्या हातांकडून येतो आणि त्याला अर्थ असतो.

यानंतर लिहिलेला मसुदा वेगळा होतो. मला काय येते आणि काय येत नाही, याचा प्रामाणिक हिशेब त्यात पहिल्यांदा येतो: मेंदूतले श्वासनियंत्रण कसे परिपक्व होते हे मला माहीत नाही, निरीक्षणात्मक अभ्यासाची आखणी मी कधी केलेली नाही, पालकांची संमती, बाळांवरील संशोधनाचे नियम आणि नैतिक परीक्षण यांच्याशी माझा संबंध आलेला नाही. मग प्रत्येक उणिवेसमोर उपाय येतो. पहिल्या वर्षी विकसनशील शरीरक्रियाशास्त्र आणि साथरोगशास्त्राचे अभ्यासक्रम, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वॉर्डातली राउंड, दुसऱ्या वर्षी चिकित्साविषयक चाचण्यांची आखणी, सहा महिने एका झोप-प्रयोगशाळेत. आणि संशोधनाचे उद्देश या शिक्षणाशी पायरीपायरीने जोडलेले: पहिला उद्देश साठवलेल्या विदेवर, तिच्या जुन्या कौशल्याच्या जवळचा; दुसरा परिचर्येच्या नोंदींसह नव्याने विदा गोळा करण्याचा, ज्यासाठी पहिल्या वर्षाचे शिक्षण हवेच; तिसरा असा की ज्याच्या निष्कर्षांतून पुढचा आर-०१ उभा राहील.

संशोधनाचा कोणता भाग कोणत्या शिक्षणामुळे शक्य होतो, हे वाचणाऱ्याला बोट ठेवून दाखवता आले की अर्ज उभा राहिला असे समजावे. मी पुन्हा सांगतो, की ‘मला हे येत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य ही या अर्जातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण प्राध्यापकाची सारी कारकीर्द ‘मला हे येते’ असे सिद्ध करण्यात गेलेली असते.

अर्ज, परीक्षण आणि वेळापत्रक

उमेदवाराची माहिती, कारकीर्द-विकासाचा आराखडा आणि संशोधनाची योजना हे सगळे मिळून बारा पानांत बसवायचे असते. उद्देशांसाठी वेगळे एक पान असते. मुख्य मार्गदर्शक आणि सहमार्गदर्शकांच्या पत्रांना मिळून सहा पानांची मर्यादा आहे. संस्थेचे हमीपत्र लागते, आणि उमेदवाराची नेमणूक हे अनुदान मिळण्यावर अवलंबून नाही असे त्यात असावे लागते. प्रकल्पाशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तींची किमान तीन आणि जास्तीत जास्त पाच शिफारसपत्रे स्वतंत्रपणे पाठवायची असतात. जबाबदार संशोधन-आचरणाच्या प्रशिक्षणाची योजनाही द्यावी लागते. ती प्रत्यक्ष समोरासमोर, किमान आठ तासांची असावी अशी अपेक्षा आहे. हे प्रकरण शेवटच्या रात्री घाईने लिहिले गेले की लगेच कळते.

नव्या अर्जांसाठी एरवी वर्षाला तीन तारखा ठरलेल्या असतात: १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर. फेब्रुवारीत पाठवलेल्या अर्जाचे परीक्षण जून-जुलैच्या सुमारास होते, सल्लागार मंडळापुढे तो ऑगस्ट किंवा ऑक्टोबरमध्ये जातो, आणि पैसे लवकरात लवकर सप्टेंबर किंवा डिसेंबरमध्ये सुरू होतात. म्हणजे मसुद्याला लागलेले सहा महिने धरले तर पहिल्या विचारापासून पहिल्या पगारापर्यंत तेरा ते सोळा महिने सहज जातात.

परीक्षण दोन पातळ्यांवर होते. आधी तज्ज्ञांची समिती पाच बाबींवर गुण देते: उमेदवार, कारकीर्द-विकासाची योजना, संशोधनाची योजना, मार्गदर्शक मंडळी, आणि संस्थेचे वातावरण व बांधिलकी. गुण एक ते नऊ असे असतात आणि एक हा सर्वोत्तम असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. मग त्या इन्स्टिट्यूटचे सल्लागार मंडळ शिफारस करते. या पाच बाबींत संशोधनाची योजना केवळ एक आहे, याकडे लक्ष द्यावे. आर-०१ लिहिण्याची सवय असलेले सहकारी मसुदा वाचून बहुतेक त्या एकाच भागावर सूचना करतात.

पहिल्या खेपेला अर्ज फेटाळला जाणे अगदी सामान्य आहे. एकदा सुधारून तो पुन्हा पाठवता येतो, आणि त्यासाठी सदतीस महिन्यांची मुदत असते. सोबत एका पानात परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर द्यायचे असते. ते पान वाद घालण्यासाठी नसते. ‘आपण दाखवलेली उणीव बरोबर होती, म्हणून आम्ही हे बदलले’ असे जिथे लिहिता येईल तिथे मोकळेपणाने लिहावे.

जवळच्या दुसऱ्या वाटा

ज्यांना के-२५ लागू पडत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. एनआयएचचेच के-९९/आर-०० हे अनुदान २००६ मध्ये सुरू झाले. त्यात पोस्टडॉकला मार्गदर्शनाखाली दोन वर्षांपर्यंत आणि नंतर स्वतंत्र पदावर तीन वर्षांपर्यंत पैसे मिळतात, आणि त्याला नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. मात्र पोस्टडॉक म्हणून झालेल्या अनुभवाला वर्षांची कडक मर्यादा आहे. दुसरी वाट खासगी निधीची: नॉर्थ कॅरोलायनातला बरोज वेलकम फंड भौतिक, गणिती व संगणकीय शास्त्रे आणि अभियांत्रिकी यांतून जीवशास्त्राकडे येणाऱ्या पोस्टडॉकसाठी पाच वर्षांचे पारितोषिक-अनुदान देतो. डॉक्टरांसाठीची के-०८ आणि के-२३ ही अनुदाने नावाने जवळची वाटली तरी त्यांचा प्रवास उलट दिशेचा आहे; तिथे रुग्ण तपासणारा माणूस संशोधन शिकतो.

अनुदान सुरू झाल्यावरची एक सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे. के-२५ च्या शेवटच्या दोन वर्षांत संशोधकाला एनआयएचचे स्वतःचे स्पर्धात्मक संशोधन-अनुदान मिळाले, तर के-२५ वरचा वेळ ५० टक्क्यांपर्यंत कमी करून दोन्ही एकत्र चालवता येतात. म्हणून तिसऱ्या वर्षातच आर-०१ चा मसुदा हाती घ्यावा, कारण पाचवे वर्ष संपल्यावर राखीव वेळ संपतो आणि विभागाची कामे वाट पाहत उभी असतात.

सुरुवात कुठून करावी, याला मात्र फार पैसा किंवा परवानगी लागत नाही. एनआयएचच्या रिपोर्टर या खुल्या माहितीसंग्रहात के-२५ असा शोध घेतला की आजवर कोणाला, कोणत्या विषयासाठी आणि कोणत्या इन्स्टिट्यूटकडून हे अनुदान मिळाले ते सारांशासह दिसते. आपल्या विषयाजवळचे आठ-दहा सारांश वाचावेत, त्यावरून आपली इन्स्टिट्यूट ओळखावी, ती सध्या या योजनेत सहभागी आहे का आणि तिच्या चालू अटी काय आहेत हे तिच्या घोषणेत पाहावे, आणि मग उद्देशांचे ते एक पान लिहून तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरला पाठवावे. आपला विषय त्या इन्स्टिट्यूटच्या कक्षेत बसतो का, हे मसुदा लिहिण्याआधीच सांगणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पण ते पान लिहिण्यापूर्वी, त्या अभियंत्याने घालवले तसे चार दिवस, जिथला प्रश्न आपण सोडवू म्हणतो तिथे जाऊन बसावे.